हिशोब कोणाच्या नावे?

भिवंडी तालुक्यातील दिघाशी आणि भोवतालची गावे भाताची. सप्टेंबरात हळवे भात पिवळे होऊ लागते आणि त्याच दिवसांत मुसळधार पाऊस आला, तर उभे पीक आडवे होते. शेतकऱ्याचे भात गेले की त्याला बी-बियाणे उधारीवर देणाऱ्या दुकानदाराची वसुलीही अडकते. त्यामुळे गावातील एका वयोवृद्ध जैन व्यापाऱ्यांच्या घरी पावसाची चर्चा ही पेढीचीच चर्चा असते. अशाच एका संध्याकाळी महाविद्यालयात विज्ञान शिकणारी त्यांची नात म्हणाली, "आजोबा, आपल्या भाताचा आणि उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाचा संबंध असू शकतो."

तिच्या म्हणण्याला आधार होता. गोव्यातील वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. आर्क्टिक प्रदेशात २००८ साली सुरू झालेले भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन-ठाणे हीच संस्था चालवते. तेथील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उन्हाळ्यात कारा समुद्रावरील बर्फ घटणे आणि सप्टेंबरात मध्य भारतात अतिवृष्टी होणे, यांच्यातील संभाव्य नाते दाखवले आहे. हा संबंध प्रत्येक सरीला लावता येणार नाही. मात्र बर्फाची घट ही मोजलेली गोष्ट आहे. १९७९ पासून उपग्रह तिची नोंद ठेवत आहेत. १९८०च्या सुमारास सप्टेंबरात सुमारे ७० लाख चौरस किलोमीटरवर पसरणारा हा बर्फ २०१२ साली जेमतेम ३४ लाखांवर आला होता.

नातीने मग त्या प्रदेशाची एक चित्रफीत लावली. अलास्काच्या उत्तर टोकाला उटकियाग्विक नावाचे गाव आहे. तेथील इन्युपियाक लोक सीलच्या कातड्याने मढवलेल्या होडीतून देवमाशाची शिकार करतात. भाला उचललेला दिसताच आजींनी तोंड फिरवले. "काय ही माणसे! यांना दया म्हणून नाही का?" असे म्हणून त्या आत गेल्या. आजोबा मात्र बसून राहिले. वही पाहिल्याशिवाय कोणालाही दिवाळखोर म्हणू नये, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम होता. त्यांनी नातीला विचारले, "हे लोक किती घेतात, कोणासाठी घेतात आणि उरलेल्याचे काय करतात?"

या तीन प्रश्नांची उत्तरे सर्वांनीच ऐकावीत अशी आहेत. त्या भूमीवर धान्य पिकत नाही. पिढ्यान् पिढ्या सील, वॉलरस आणि बोहेड जातीचा देवमासा हेच तेथील अन्न. शिकार मिळाली की नावाड्यांचा, मदतीला आलेल्यांचा आणि गावाचा वाटा परंपरेने ठरलेला असतो. जूनमध्ये नालुकाताक नावाचा उत्सव होतो आणि त्यात साऱ्या गावाला वाटप होते. मांसाचा व्यापार करण्यास कायद्याने मनाई आहे, वाटण्यास नाही. अलास्कातील ११ गावांना मिळून वर्षाकाठी सुमारे ६७ प्रहारांची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. भाला लागूनही देवमासा निसटला, तरी तो प्रहार हिशोबात धरला जातो.

या मर्यादेमागे मोठा वाद घडून गेला आहे. बोहेडची संख्या फार थोडी उरली आहे, या समजुतीने १९७७ साली आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने ही शिकार पूर्णतः बंद केली. गावकऱ्यांनी स्वतःची संघटना उभारली. बर्फाच्या कडेवर उभे राहून मोजणाऱ्यांना दिसतात त्याहून कितीतरी अधिक देवमासे दूरच्या पाण्यातून आणि बर्फाखालून जातात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे पाण्यात ध्वनिग्राहक सोडून गणना झाली आणि ते म्हणणे खरे ठरले. २०११च्या गणनेत हा आकडा १६ हजारांच्या पुढे गेला.

मग बोहेड एवढे दुर्मीळ झाले कोणामुळे? या प्रश्नाचे उत्तर व्यापाऱ्याच्या घरात बसून वाचताना मान खाली जाते. १८४८ साली पहिले अमेरिकी व्यापारी जहाज बेरिंग सामुद्रधुनी ओलांडून या पाण्यात शिरले. त्याच्यामागून जहाजांची रांग लागली. दिव्यांना तेल हवे होते. देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्ट्या स्त्रियांच्या कंबर आवळणाऱ्या पोशाखांना आणि छत्र्यांच्या काड्यांना लागत. तेलासाठी आणि सुळ्यांसाठी वॉलरसही मारले गेले आणि किनाऱ्यावरच्या गावांचे अन्न आटले. ही कत्तल दयेमुळे थांबली नाही. पट्ट्यांना स्वस्त पर्याय निघाले, विसाव्या शतकाच्या आरंभी भाव कोसळला आणि जहाजे परतली. घरापुरती शिकार पोट भरले की थांबते. बाजारासाठी होणारी शिकार भाव असेपर्यंत चालते.

आपल्या परंपरेने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य, म्हणजे प्राण्यांच्या दातांसारख्या अवयवांचा व्यापार, स्वतंत्रपणे सांगितलेला आहे. आपण स्वतः मारत नाही, एवढ्याने व्यापारी सुटत नाही. याच यादीत अंगारकर्मही आहे, म्हणजे कोळसा आणि आग यांवर चालणारी उपजीविका. आजोबा ही यादी लहानपणापासून म्हणत आले होते. अंगारकर्माचा अर्थ त्यांनी आजवर कोळशाच्या भट्टीपुरताच धरला होता.

आज उत्तरेकडील बर्फ वितळतो आहे तो दगडी कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने साठलेल्या वायूंमुळे. त्याची किंमत कोण मोजते ते पाहावे. रिंग्ड सीलची मादी बर्फावरील हिमात बीळ करून पिलाला जन्म देते. हिम लवकर वितळले तर पिलू उघड्यावर पडते. समुद्रावरील बर्फाच्या लाद्यांवर विसावणाऱ्या वॉलरसना आता किनाऱ्यावर यावे लागते. २०१४ साली अलास्कातील पॉइंट ले गावाजवळ सुमारे ३५ हजार वॉलरस एकाच ठिकाणी गोळा झाले होते. अशा गर्दीत काही कारणाने पळापळ झाली की पिले चेंगरून मरतात. गावकऱ्यांनी गोठलेल्या जमिनीत खोदलेली अन्नाची तळघरे पाझरू लागली आहेत. ज्यांनी सर्वांत कमी जाळले, त्यांच्या पायाखालचे बर्फ पातळ झाले. आणि भिवंडीत मैलोगणिक पसरलेली गोदामे, त्यांतला माल, तो वाहणारे ट्रक, यांतील कशाशीच आपला संबंध नाही असे दिघाशीतील व्यापारी तरी कसे म्हणणार?

हाच प्रश्न आपल्या किनाऱ्यावरही आहे. कोकणच्या समुद्रात कुबडाचे डॉल्फिन आहेत, पाठीवर पर नसलेले लहान पॉरपॉइज आहेत, अधूनमधून देवमासेही येतात. अमेरिकेने सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा १९७२ साली केला आणि अलास्कातील मूळ रहिवाशांना उपजीविकेपुरती सूट दिली. त्याच वर्षी भारताचा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आज डॉल्फिन आणि देवमासे या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांची शिकार हा गुन्हा आहे. येथेही व्यापाराचा मोह सुटलेला नाही. अत्तराच्या धंद्यात मोल असलेले अंबर, ज्याला देवमाशाची उलटी म्हणतात, ते चोरून विकू पाहणारे मुंबई, ठाणे आणि कोकणात अनेकदा पकडले गेले आहेत.

कोळी बांधव डॉल्फिनला मारायला जात नाहीत. तो माशांच्या मागे येतो आणि जाळ्यात अडकतो. त्याला श्वासासाठी पाण्यावर यावेच लागते, म्हणून उशीर करून चालत नाही. जाळे कापावे लागते. जाळे म्हणजे कोळ्याचे भांडवल. ते कापले की भांडवल गेले, त्या दिवसाचा मासाही गेला. हे ओळखून डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने योजना आणली. संरक्षित सागरी प्राण्याला सोडवताना जाळ्याचे नुकसान झाल्यास, सुटकेचे छायाचित्र वा चित्रफीत सादर केल्यावर कमाल २५,००० रुपये भरपाई मिळते. नातीने ही माहिती सांगितली तेव्हा आजोबांनी लगेच विचारले, "आणि बुडालेल्या दिवसांची कमाई?" ती या भरपाईत धरलेली नाही, असे कळल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले.

पर्युषणानंतर संघाच्या बैठकीत जीवदयेच्या निधीचा विषय निघाला. दरवर्षीप्रमाणे पांजरपोळांची नावे वाचली गेली. आजोबांनी सुचवले की या निधीतला काही भाग, डॉल्फिन वा कासव सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या कोळ्यांना मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत द्यावा. सभेत कुजबुज झाली. एका सदस्यांनी रीतसर आक्षेप घेतला. करणे, करवणे आणि अनुमोदन देणे या तिन्ही मार्गांनी हिंसा घडते. मासे मारणाऱ्याला पैसे देणे हे अनुमोदन ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. आक्षेप पोकळ नव्हता आणि आजोबांनीही तो उडवून लावला नाही.

ते म्हणाले, "आपण पैसे जाळ्यासाठी देणार नाही, ते कापण्यासाठी देणार आहोत. मासेमारीला आपली संमती नाही, हे स्पष्ट लिहून द्यावे. पण त्या क्षणी होडीत दया आली ती त्याला, नुकसानही झाले ते त्यालाच. आपण घरी बसून दया म्हणतो, तिची किंमत तो समुद्रात मोजतो. जीव वाचला याचे समाधान आपण वाटून घेतो, तर त्यातला खर्चही आपल्या वहीत यायला हवा. आणि आपल्या गोदामांच्या, वाहनांच्या आगीने जे जीव दूरवर मरतात, त्यांच्या नावे तर आपण अजून खातेही उघडलेले नाही."

सभेत एकमत झाले नाही. काहींना म्हणणे पटले, काहींनी गुरुभगवंतांना विचारावे असे सुचवले, आणि विषय पुढील बैठकीवर गेला. आजोबांनी संघाच्या निर्णयाची वाट पाहिली नाही. दिवाळीच्या वहीपूजनाला त्यांनी नव्या वहीत दोन खाती घातली. पहिल्यावर 'कापलेली जाळी' असे लिहून स्वतःच्या नफ्यातली रक्कम मांडली. दुसऱ्याला 'इंधन' असे नाव दिले आणि दुकानाच्या टेम्पोला वर्षभरात किती डिझेल लागले, याची बिले काढून आकडा लिहायला नातीला सांगितले. तो आकडा पुढच्या दिवाळीपर्यंत कमी करायचा आहे.