दुसरी गाठ

डोंगरवाटेच्या शिदोरीत दोन वाटे असतात. एक ठरल्या वेळी, ठरल्या झाडाखाली सोडायचा. दुसरा वाट चुकली, पाय मुरगळला किंवा पाऊस आडवा आला तरच सोडायचा. पहिल्या वाट्याला चव लागते. दुसऱ्याला टिकाऊपणा लागतो, वजन कमी असावे लागते आणि मूठभर खाऊन तासभर चालता येईल एवढा कस लागतो. ‘शिकवलेली बुद्धी आणि बांधून दिलेली शिदोरी पुरत नाही’ ही म्हण पहिल्या वाट्यापुरती खरी आहे. दुसऱ्याला ती लागू पडली, तर बांधणाऱ्याचे चुकले असे समजावे.

धाराशिवकडचा वाशी तालुका बालाघाटाच्या पठारावर आहे. इथले डोंगर सह्याद्रीसारखे ताशीव नाहीत. बुटके, रुंद आणि उघडे आहेत. चढ दमवतो त्याहून ऊन अधिक दमवते. हिवाळा सरला की ओढे आटतात आणि चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. नेमक्या चैत्री पौर्णिमेला शेजारच्या कळंब तालुक्यात येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते. आश्विनी पौर्णिमेला तुळजापूरच्या वाटा चालणाऱ्यांनी भरून जातात. पावसाळ्यात येडशीजवळच्या रामलिंगाच्या दरीत धबधबा पाहायला झुंबड उडते. मोठ्या यात्रेच्या वाटेवर जागोजागी अन्नदान असते, म्हणून तिथे रिकाम्या पिशवीनेही निभावते. आडवाटेच्या टेकडीवर पंगत नसते. तिथे पाठीवर जे असेल तेवढेच.

पहिल्या वाट्यात मान ज्वारीच्या भाकरीचा. ती बांधण्याचीही एक रीत आहे. तव्यावरून उतरलेली भाकरी लगेच गुंडाळत नाहीत. टोपल्याच्या कडेला उभी टेकवून तिची वाफ जाऊ देतात. गरम भाकरी डब्यात कोंडली की झाकणाच्या आतून थेंब धरतात, ते तिच्यावरच गळतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओलाव्यावर बुरशीचा ठिपका उमटतो. सुती फडके वाफ बाहेर सोडते आणि भाकरीला अगदी वाळूही देत नाही, म्हणून निवलेली भाकरी फडक्यातच बरी. तरी ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसल्यामुळे ती निवत जाते तशी कडा सोडते, दुमडली की तडकते. भाकरी एका दिवसाची सोबतीण.

तिच्यापुढे दोन दिवसांची दशमी. तिचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात, कोणी चवीला गूळ घालतात. दुधातल्या स्निग्धांशामुळे ती निवल्यावरही मऊ राहते. जुन्या सोवळ्याच्या हिशेबातही दुधात भिजवलेले पीठ प्रवासाला चालत असे, त्यामुळे दशमी आणि प्रवास ही जोडी घराघरांत पक्की झाली. धपाट्यात ज्वारीबरोबर गहू आणि हरभऱ्याचे पीठ, तिखट, तीळ, ओवा असतो. कांदा किंवा मेथी न घालता तेलावर खरपूस भाजलेले धपाटे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चांगले राहतात. ओली भाजी घातली की ती मुदत निम्म्यावर येते.

सगळ्यांत टिकाऊ कडक भाकरी. ती पातळ थापून भाजतात आणि मग मंद आचेवर पार वाळवतात. बोटांनी दाबली की पापडासारखी मोडते. सोलापूर-धाराशिवकडे ती महिनाभर सहज राहते, कारण बुरशीला लागणारे पाणी तिच्यात उरलेलेच नसते. तिला भीती दोन गोष्टींची: दमट हवेची आणि पाठपिशवीतल्या दणक्यांची. पावसाळ्यात ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. चुरा झालाच तर वाया जात नाही. शेंगाच्या चटणीत कालवून चमचाभर तेल सोडले की झाले जेवण.

चटण्या कोरड्याच न्याव्यात. शेंगदाणे, लसूण, तिखट आणि मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली चटणी, तशीच कारळ्याची, जवसाची. तेल असल्यामुळे उन्हात त्या खवट होऊ शकतात. डबीचे झाकण उघडताच वास सांगतो. या चटण्या खारट-तिखट असतात आणि तहान वाढवतात, हे पाण्याच्या हिशेबात धरावे लागते.

काय न्यायचे नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. शिजवलेला भात, वरण, बटाट्याची भाजी, ओल्या खोबऱ्याची चटणी यांत ओलावा भरपूर असतो, आणि हवा तापली की त्यांत जंतू झपाट्याने वाढतात. बाहेर ३२ अंशांवर ऊन असेल तर शिजवलेला ओला पदार्थ तासाभराहून अधिक उघड्यावर भरवशाचा राहत नाही. भाताचा धोका अधिक लपलेला असतो: त्यातल्या काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की जागी होतात. याच यादीत खवा येतो. भूम-वाशीचा हा पट्टा खव्याचा. सुमारे पाच लिटर दूध आटवले की किलोभर खवा पडतो आणि कुंथलगिरीच्या पेढ्याचे नाव दूरवर पोचलेले आहे. पण दूध आटले तरी खव्यात ओलावा राहतोच, आणि उन्हाळ्यात तो एका दिवसात आंबूस होतो. इथली नावाजलेली चीज म्हणून खवा पाहुण्याला बांधून द्यावा. डोंगरावर नेऊ नये.

आता दुसरी गाठ. तिच्यात शेंगदाणे, गूळ आणि फुटाणे एवढे तिघे पुरतात. भाजलेल्या १०० ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे ५७० कॅलरी मिळतात, कारण त्यांचे निम्मे वजन तेलाचे असते आणि एक ग्रॅम तेल ९ कॅलरी देते. पिठूळ किंवा गोड पदार्थाचा ग्रॅम ४ कॅलरींवर थांबतो. १०० ग्रॅम गुळाच्या साधारण ३८० आणि तेवढ्याच फुटाण्यांच्या ३७० कॅलरी धरल्या, तर ३०० ग्रॅमची ही पुरचुंडी १,३०० कॅलरींच्या घरात जाते. चढावर माणूस ताशी ३०० ते ५०० कॅलरी खर्च करतो. म्हणजे दोन ओंजळींच्या या ऐवजावर तीन-चार तासांची वाट निघते. एका जागी बसून राहायचे असेल तर रात्र निघते.

तिघांची कामे वेगळी. गूळ लवकर रक्तात उतरतो आणि थरथरते हात स्थिर करतो. फुटाणे त्यामागून येतात. शेंगदाणे सावकाश पचतात आणि पहाटेपर्यंत पोटात धग ठेवतात. म्हणून आधी गुळाचा खडा चघळावा, थोडे थांबावे, मग फुटाणे-शेंगदाणे खावेत, तेही दाणा दाणा चावून. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने गूळ किंवा साखर पुरचुंडीत न ठेवता वरच्या खिशात ठेवावी. साखर उतरली की गाठ सोडायलाही बोटे चालत नाहीत. लहान मुलांना अख्खे दाणे न देता कुटून लाडू वळावेत, म्हणजे ठसका लागत नाही. उपवास असेल तर फुटाण्यांच्या जागी राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर येतात.

पाण्यावाचून ही गाठ अपुरी आहे. कोरडे अन्न पचायला शरीर स्वतःजवळचे पाणी वापरते. पाणी संपले असेल तर दाणे, फुटाणे, चटणी तोंडात टाकू नयेत. आधी पाणी शोधावे. उन्हाच्या चालीला माणशी ताशी अर्धा लिटर तरी लागते. लिटरचे वजन किलोभर होते, म्हणून कुठल्या वाडीवर हातपंप आहे आणि कुठल्या विहिरीला एप्रिलमध्ये पाणी असते, ते निघण्याआधीच विचारून ठेवावे. पाठीवरचा एक किलो त्या चौकशीने कमी होतो. घाम किंवा जुलाबाने अंगातले पाणी गेले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा विरघळवून घोट घोट प्यावे. म्हणून दुसऱ्या गाठीत साखर-मिठाची एक पुडी मोजूनच ठेवतात. अंधारात चमचा सापडत नाही. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळ-पाणी ठेवण्याची मराठवाड्यातली रीत हाच उपाय उंबऱ्यावर करते.

बांधण्याचे नियम थोडे आहेत. दुसरी गाठ प्रत्येकाच्या पाठीवर वेगळी असावी; सगळ्यांची एकाकडे दिली आणि नेमका तोच मागे राहिला, तर ती कोणाच्याच कामाची नाही. ती पिशवीच्या तळाशी, पावसाळ्यात प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत असावी आणि गाठ निरगाठ असावी. सुरगाठ सहज सुटते, आणि सहज सुटणारी गाठ दुपारी चार वाजताच सुटते. रामलिंगाच्या परिसरात आणखी एक काळजी लागते. रावणाशी झुंजलेल्या जटायूची कथा सांगणाऱ्या त्या दरीत माकडांच्या टोळ्या आहेत, आणि प्लास्टिकचा चुरचुर आवाज म्हणजे खाऊ हे त्यांना पाठ झालेले आहे. तिथे पिशवी उघडायची नाही आणि उष्टेही टाकायचे नाही. माणसाच्या हातचे खाऊन सोकावलेले माकड पुढच्या वाटसरूची पिशवी ओढते. रिकामी पाकिटे आली त्याच पाठीवरून खाली जातात.

बहुतेक फेऱ्यांत ही गाठ न सुटताच घरी येते. तिला तशीच पुढच्या खेपेसाठी खुंटीवर टांगणे ही नेहमीची चूक. महिन्या-दोन महिन्यांत दाणे खवट होतात, गूळ पाझरतो, फुटाणे सादळतात, आणि खऱ्या अडचणीत हाती लागते ते न खाण्याजोगे. म्हणून घरी आल्यावर गाठ सोडावी, त्यातले दाणे-गूळ त्याच संध्याकाळी सगळ्यांनी वाटून खावेत, फडके धुऊन दोरीवर टाकावे. पुढच्या डोंगराच्या आदल्या रात्री दाणे नव्याने भाजावेत, निवू द्यावेत आणि मगच गाठ मारावी.