हरळी

माझ्या वडिलांनी आयुष्यभर जे गवत मारलं, तेच जगवायचा मला पगार मिळतो.

लातूर जिल्ह्यात आमची पाच एकर काळी जमीन आहे. सोयाबीन, तूर, आणि विहिरीला पाणी असेल त्या वर्षी एकरभर ऊस. या जमिनीत हरळी कायमची मुक्कामाला. वरून कापली तर आठ दिवसांत परत येते. नांगरली तर तिच्या काश्यांचे तुकडे होतात आणि तुकड्याच्या पेऱ्यापेऱ्यातून नवं रोप उठतं. म्हणजे मारायला गेलो एक आणि उगवल्या दहा. म्हणून आप्पा भर उन्हाळ्यात खोल नांगरट करायचे, ढेकळं महिनाभर तापू द्यायचे आणि मग आम्हा भावंडांना काश्या वेचायला लावायचे. माझ्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या अशा गेल्या. वेचलेल्या काश्यांचा बांधावर ढीग घालायचा, वाळला की पेटवायचा. गणपतीत मात्र याच हरळीच्या दूर्वा व्हायच्या. ‘दहा दिवस देवाची, बाकी वर्ष वैऱ्याची,’ आई म्हणायची.

बीएस्सी ॲग्री झाल्यावर २०१३ मध्ये मला पुण्याबाहेरच्या एका गोल्फ कोर्सवर नोकरी लागली. सुपरिटेंडंटच्या हाताखाली, गवत बघायची. पहिल्या दिवशी सर मला एका ग्रीनवर घेऊन गेले. ग्रीन म्हणजे जिथे झेंडा आणि भोक असतं तो गुळगुळीत तुकडा. मी खाली बसलो, बोटांनी गवत उकललं. जमिनीलगत पळणारे धुमारे, बारीक पेरी, पेऱ्यातून सुटलेलं मूळ.

‘सर, ही हरळीच आहे की.’

सर हसले. ‘इथे बर्म्युडा म्हणायचं. हरळी म्हटलं तर मेंबर फी देणार नाहीत.’

तसं ते पूर्ण खोटं नव्हतं. आपली हरळी आणि तिची दक्षिण आफ्रिकेतली एक बारीक पानांची बहीण यांचा तो संकर. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रात तो तयार झाला. १९६० मध्ये टिफवे आलं, १९६५ मध्ये टिफड्वार्फ, आणि जगभरातल्या उष्ण प्रदेशांतली मैदानं या घराण्याने व्यापली. या संकराला रुजणारं बी धरत नाही. त्याचे तुकडे करून, पसरून, मातीत दाबून लावावे लागतात. आप्पांच्या नांगराने जे नको असताना व्हायचं, ते आम्ही मशीनने मुद्दाम करतो.

बाकी लाड विचारू नका. ग्रीनखाली ३० सेंटिमीटर वाळूचा थर, त्याखाली १० सेंटिमीटर खडी, त्याखाली पाणी वाहून न्यायला पाइप. गवत रोज सकाळी कापायचं, उंची ४ मिलिमीटर. एकावर एक ठेवलेली दोन नाणी साधारण तेवढी भरतात. उजाडताना लांब बांबूने पानांवरचं दव झटकायचं, नाहीतर बुरशी धरते. जमीन घट्ट झाली की पोकळ सुयांच्या मशीनने भोकं पाडायची आणि वर बारीक वाळू घालून झाडूने भरायची. आणि लव्हाळा दिसला की बायकांची टोळी खुरपं घेऊन बसते. तो एकेक काढताना मुळाशी असलेली गाठ निघाली पाहिजे, नाहीतर पुढच्या आठवड्यात तो तिथेच.

दिवाळीला घरी गेल्यावर हे सगळं सांगितलं. आप्पा बराच वेळ गप्प होते.

‘हरळी जगवायला पगार देतेत व्हय तुला?’

‘हो.’

‘किती?’

मी आकडा सांगितला. ते पुन्हा गप्प. मग म्हणाले, ‘बरंय. गावात सांगत बसू नको.’

पुढची दोन वर्षं पाऊस नीट झालाच नाही. २०१६ चा मार्च उजाडला तेव्हा लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलं होतं. गावाकडे आमची विहीर जानेवारीतच आटलेली. आई फोनवर पाण्याशिवाय दुसरं काही बोलायची नाही. टँकर आला का, किती घागरी मिळाल्या, कुणाचं कुणाशी वाजलं.

आणि मी रोज संध्याकाळी स्प्रिंकलर सुरू करत होतो.

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. टीव्हीवर लोक तिच्या स्वागताला उभे दिसत होते. मी तो व्हिडिओ क्लबच्या पंपघरात बसून मोबाइलवर बघितला. मग समोरच्या वहीकडे लक्ष गेलं.

हिशेब अगदी सोपा आहे. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. उन्हाळ्यात गवताला आम्ही दिवसाला ५ मिलिमीटर देत होतो. एका हेक्टरला झाले ५० हजार लिटर, म्हणजे एक वाघीण. आमचं भिजवलेलं गवत २८ हेक्टर. रोजचे १४ लाख लिटर. म्हणजे त्या रेल्वेसारख्या जवळजवळ तीन रेल्वे मी रोज संध्याकाळी हरळीवर ओतत होतो.

दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. मुंबई, पुणे, नागपूरच्या मैदानांना मिळून ६० लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा सगळीकडे फिरत होता. क्लबात चर्चा रंगली. एक मेंबर म्हणाले, ‘साठ लाख म्हणजे काय हो? एक हेक्टर ऊस यापेक्षा जास्त पितो.’ ते बरोबर होतं. उसाला हेक्टरी साधारण २ कोटी लिटर लागतं, हे मी कॉलेजात शिकलो होतो आणि आमच्या एकरभर उसात बघितलंही होतं. पण उसाकडे बोट दाखवताना ते ज्या हिरवळीवर उभे होते, तिचा आकडा कुणी विचारला नाही. मीही सांगितला नाही. नोकरी होती.

शनिवारी रजा टाकून गावी गेलो. आप्पा बांधावर बसले होते. सगळं रान करपलेलं, बांधावरची हरळी पिवळी नाही तर राखाडी पडलेली. मी म्हणालो, ‘एवढी वर्षं तुम्हाला जमलं नाही, दुष्काळाने केलं. मेली बघा.’

आप्पांनी खुरपं घेतलं आणि वीतभर खणलं. ढेकूळ फोडून एक काशी माझ्या हातावर ठेवली. वरचं साल वाळकं, पण नखाने सोललं तर आत पांढरीशुभ्र, ओली.

‘मेली नाही. निजलीय. पाणी नाही म्हणल्यावर निजायचं, एवढं तिला कळतंय.’

मला हे पुस्तकात शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. उष्ण प्रदेशातलं हे गवत पाणी तुटलं की पानं सोडून देतं आणि काश्यांमध्ये जीव धरून ठेवतं. ते तपकिरी पडणं हा त्याचा जगण्याचा मार्ग असतो. तरी तीन वर्षं मी ते तपकिरी पडू नये म्हणूनच पगार घेत होतो.

परत आल्यावर मी ग्रीनच्या आणि फेअरवेच्या मातीचे नळीने नमुने काढले. मुळं कशीबशी ५ सेंटिमीटर गेलेली. चूक माझीच होती. रोज थोडं थोडं पाणी दिलं की वरचा थरच ओला राहतो, मग मूळ खाली कशाला जाईल? मीच गवताला रोजच्या पाण्याची सवय लावली होती आणि मग ‘रोज पाणी लागतं’ म्हणून वहीत लिहीत होतो. आप्पांच्या बांधावरची हरळी वीतभर खाली उतरली होती, कारण तिला कुणी वरून पाजलं नव्हतं.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘कमिटीसमोर तू बोल.’

आदल्याच आठवड्यात ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा टीव्हीवर झाली होती, आणि एप्रिलमध्ये दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आपलं कोर्स तसं हिरवं का नाही? आमच्या धंद्यात याला ‘ऑगस्टा सिंड्रोम’ असं नावच आहे. मी कमिटीला सांगितलं, की तिथल्या फेअरवेवरचा तो हिरवा रंग बर्म्युडावर मुद्दाम पेरलेल्या थंडीतल्या राय गवताचा असतो, आणि उन्हाळ्यात ते कोर्स चक्क बंद असतं. उलट २०१४ ची यूएस ओपन पाइनहर्स्टला झाली, तिथे फेअरवेच्या कडा तपकिरी होत्या आणि जगातले सगळ्यात चांगले खेळाडू त्यावर खेळले. मग मागणी मांडली. रफचं, म्हणजे फेअरवेबाहेरच्या १४ हेक्टरचं पाणी पूर्ण बंद. फेअरवेला रोजच्याऐवजी चार दिवसांनी, पण खोल. ग्रीनला हाताने नळी धरून, जिथे पान निळसर दिसेल तिथेच.

एकाने विचारलं, ‘आणि गवत मेलं तर?’

मी खिशातून कागदात गुंडाळलेली आप्पांची काशी काढून टेबलावर ठेवली आणि नखाने सोलून दाखवली. याला भाषण म्हणता येणार नाही, पण मला तेवढंच येत होतं. पाऊस येईपर्यंत करून बघा म्हणाले.

मे महिना वाईट गेला. रफ आधी पिवळा, मग आमच्या बांधासारखा राखाडी. तक्रारींची वही भरली. ‘फी कशाची घेता?’ हे वाक्य मी वेगवेगळ्या अक्षरांत वाचलं. रात्री झोप लागायची नाही. काशी एका बांधावरची होती, आणि हे १४ हेक्टर होतं. खुरपणाऱ्या बायकांमध्ये बीडहून आलेल्या एक मावशी होत्या. त्या एकदा म्हणाल्या, ‘साहेब, आता कसं गावाकडच्यासारखं वाटतंय.’ हे कौतुक की टोमणा, मला कळलं नाही. दोन-तीन मेंबर मात्र खूश होते. कोरड्या फेअरवेवर चेंडू पडल्यावर बराच पुढे पळतो, आणि सुकलेल्या ग्रीनवर पटचा वेगही वाढतो.

एक प्रश्न तुम्ही विचाराल, तो मीही स्वतःला विचारला. वाचलेले ७ लाख लिटर लातूरला गेले का? नाही. पुण्यातलं बोअरचं पाणी लातूरच्या घागरीत जात नाही. आईला त्या मे महिन्यात एक घागरही माझ्यामुळे जास्त मिळाली नाही. पाणी आमच्या तळ्यात आणि जमिनीखाली राहिलं, बस. त्यामुळे मी काही मोठं केलं असं म्हणायची सोय नाही. फक्त फोनवर आई पाण्याबद्दल बोलायला लागली की मी विषय बदलायचो, ते बंद झालं.

जूनच्या शेवटी पाऊस लागला. दहा-बारा दिवसांत रफ पूर्ण हिरवा. तक्रारींच्या वहीत कुणीच काही लिहिलं नाही. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आमचा रफ झोपतो. आता मेंबर नवीन माणसाला स्वतःच समजावतात, ‘डॉर्मंट आहे, डेड नाही.’

सप्टेंबरमध्ये मराठवाड्यातही पाऊस तुटून पडला. मांजरा धरण भरलं. आमची विहीर काठोकाठ आली. एके सकाळी मी ग्रीनवर बांबूने दव झटकत होतो, तेव्हा आप्पांचा फोन आला. ते स्वतःहून फोन कधी करत नाहीत.

‘काय करलालास?’

‘कामावर आहे. का, काय झालं?’

‘काही नाही. सोयाबीनमध्ये हरळी माजलीय बघ. गुडघ्याएवढी झालीय.’ इतका आनंदी आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. ‘रजा मिळती का बघ. ये चार दिवस उपटायला.’