मिठाचं पाणी, कणसरी आणि हरवलेली स्कॉलरशिप



काल भाताचं बी मिठाच्या पाण्यातून काढलं. १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे ३ टक्के द्रावण. बी ओतायचं, ढवळायचं, तरंगेल ते पोचट काढून टाकायचं. तळाला बसलेलं दोन-तीन पाण्यांनी धुवायचं आणि सावलीत सुकवायचं. खर्च मिठाच्या पुडीचा.

शेजारच्या पाड्यावरचा एक पोरगा बघत उभा होता. बारावी झालाय. कृषी पदवीला जायचं म्हणतो, पण घरी पैसा नाही. म्हणाला, "दादा, ती स्कॉलरशिप खरंच मिळते का?" मी हो म्हणालो. पण नुसत्या 'हो'मध्ये सगळं येत नाही, म्हणून आज शेताऐवजी हे लिहितोय.

२०१८ ला मला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात प्रवेश मिळाला. आमच्या तलासरीकडून डहाणू रोड, तिथून लोकल, पुढे कोकण रेल्वेने खेड आणि मग एसटी. घरून निघताना बाबांनी दोन हजार दिले, तेही उसने घेतलेले. आमची जमीन दीड एकर, सगळी पावसावर. भात झोडून झालं की आईबाबा वीटभट्टीवर जायचे.

वर्गात सगळं इंग्रजीत. भाताची लावणी मी लहानपणापासून केलेली, पण तीच गोष्ट पुस्तकात वाचली की ओळखू यायची नाही. पहिल्या सत्रात जीवरसायनात नापास झालो. शिकवणाऱ्यांचा दोष नाही, समजलं नाही तर विचारायची मला लाज वाटायची.

भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीवर भरला होता. तेव्हा वसतिगृहात राहणाऱ्या आमच्या अभ्यासक्रमाच्या मुलाला दरमहा १,२०० रुपये निर्वाह भत्ता होता. माझ्यासोबतच्या पोरांचे पैसे आले, माझे नाही. मेसचे तीन महिने थकले. उंबरगावच्या एका कंपनीत गावातला मित्र होता. तो म्हणायचा, "ये इकडे, नऊ हजार मिळतील." मी बॅग भरायलाच घेतली होती.

त्यात नोव्हेंबरपासून आमच्याकडे धरणीकंप सुरू झालेले. धुंदलवाडी आणि आजूबाजूच्या पाड्यांवर रात्री-अपरात्री जमीन हलायची. १ फेब्रुवारी २०१९ ला तर दिवसभर धक्के बसले, त्यातला मोठा ४.१ रिश्टरचा. घराच्या कुडाला भेग गेली. थंडीचे दिवस, आणि माझी माणसं अंगणात ताडपत्रीखाली झोपत होती.

त्या रात्री आईला फोन केला. म्हटलं, मी येतो, बास झालं शिक्षण.

आई म्हणाली, "हललं तेव्हा बाबा बैल सोडायला धावले. मी कणसरी बाहेर काढली."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. आम्हा वारल्यांत नवं भात तिला दाखवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. खळ्यावर चप्पल घालून जायचं नाही. आई बियाण्याची टोपली कणसरी म्हणूनच उचलते आणि कणसरी म्हणूनच ठेवते.

मी म्हटलं, "घर पडेल की राहील ठाऊक नाही, आणि तू बी सांभाळतेस?"

"जून यायचा आहेच ना? मग पेरायला नको? आम्ही इथून उठलो नाही, तू तिथून का उठतोस?"

यावर मला बोलता येईना. बॅग परत खाटेखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी मेसवाल्या काकांकडे गेलो, खरं ते सांगितलं, होळीपर्यंत मुदत मागितली. त्यांनी वहीत 'होळी' एवढंच लिहिलं. जीवरसायनाच्या मॅडमकडे पण गेलो. जेवताना पहिला घास कणसरीच्या नावाने बाजूला ठेवायला लागलो. शहरात आल्यावर ते मी सोडलं होतं, कोणी हसेल म्हणून. कोणी हसलं नाही.

काही दिवसांनी वसतिगृहातल्या एका सीनियरने विचारलं, "तुझं आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघितलंस का?" मी फॉर्मबरोबर दिलेल्या खात्याकडेच बघत बसलो होतो. आधारच्या वेबसाइटवर पाहिलं तर दुसरीच बँक. शाळेत असताना एक खातं उघडलं होतं, त्याचं पासबुक आईच्या पेटीत. बाबांनी ते भरून आणलं. सहा हजार रुपये तिथे येऊन पडले होते. आणि मी इकडे रोज सरकारला शिव्या घालत होतो.

होळीला घरी येऊन पैसे काढले आणि मेसचे फेडले.

कणसरीने खात्यात पैसे टाकले असं मी म्हणत नाही. पैसे शिष्यवृत्तीचे होते, हक्काचे होते. पण ते सापडेपर्यंत मी दापोलीत टिकलो, तो आईच्या त्या टोपलीमुळे. नुसती श्रद्धा असती तर मेसची उधारी फिटली नसती. नुसती स्कॉलरशिप असती तर ती सापडायच्या आधीच मी उंबरगावला मशीनवर उभा असतो.

त्या जूनमध्ये सुट्टीत घरी पहिल्यांदा बी मिठाच्या पाण्यात टाकलं. बरंच तरंगलं. बाबा चिडले, "कणसरी फेकतोस?" आई म्हणाली, "पोचट आहे ते, तिला पण ठाऊक आहे." त्या वर्षी रोपं एकसारखी आली. पुढच्या वर्षी बाबांनी मीठ स्वतःच आणून ठेवलं.

राहिलेला विषय दुसऱ्या फेरीत सुटला. २०२० ला कोरोनात घरी आलो, तर नेटवर्कसाठी माळावर चढून तास केले. २०२२ ला पदवी मिळाली.

आता त्या पोरासाठी, आणि ज्यांच्या घरी असं पोर आहे त्या सगळ्यांसाठी:

जातीचा दाखला आणि जात वैधता आधीच करून ठेवा, वैधतेला वेळ लागतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. आमच्या वेळी या योजनेला मर्यादा वर्षाला अडीच लाखांची होती, यंदाचे नियम पोर्टलवर बघून घ्या. फॉर्म दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो, एकदा भरून विसरू नका. आणि आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते फॉर्म भरायच्या आधी तपासा. पैसे त्याच खात्यात जातात.

अडलं तर डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारा. माझ्याकडे आलात तरी चालेल, बसून फॉर्म भरू. संध्याकाळी या, दिवसा मी राबाच्या वाफ्यावर असतो.

जोहार.