मोजणी

दर १५ ऑगस्टला आमच्या मोहल्ल्यातल्या शाळेत झेंडावंदन झाले की माझे भाषण असते. हायस्कुलात तीस वर्षे इतिहास शिकवला, त्याचा हा मान. भाषणही ठरलेले. १९४८ साली काश्मीरच्या लढाईत शहीद झालेले ब्रिगेडियर उस्मान, १९६५ च्या युद्धात पाकिस्तानचे रणगाडे फोडणारे परमवीर अब्दुल हमीद. मुले टाळ्या वाजवतात, मग जिलेबी. समोर सगळी आपलीच पोरे बसलेली असताना ही यादी मी नेमकी कुणाला ऐकवतो, असा प्रश्न कधी पडला नव्हता.

तो पडला एका झेरॉक्समुळे. परदेशात असलेल्या पुतण्याने सुट्टीत येताना लिओ बेक इन्स्टिट्यूटच्या १९७८ च्या वार्षिकातला एक लेख आणला. लेखक वर्नर अँग्रेस, विषय १९१६ साली जर्मन सैन्यात झालेली ज्यूंची मोजणी. इंग्रजी जड, तळटीपा मजकुराइतक्याच. डिक्शनरी जवळ घेऊन आठ दिवस बसलो.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले तेव्हा आता मला पक्ष दिसत नाहीत, फक्त जर्मन दिसतात, अशा अर्थाचे कैसर बोलले होते. ज्यूंनी ते खरे मानले. का मानू नये? प्रशियात १८८५ नंतर एकाही ज्यूला राखीव दलात अधिकारी केले नव्हते, आता ते दार उघडणार असे वाटले. लुडविग फ्रांक हे संसदेचे सभासद स्वतःहून भरती झाले आणि ३ सप्टेंबर १९१४ ला पडले. युद्ध संपेपर्यंत सुमारे एक लाख ज्यू जर्मन फौजेतून लढले, सुमारे बारा हजार मेले. जर्मनीतल्या ज्यूंची लोकसंख्या सगळी मिळून साडेपाच लाखांच्या आसपास.

पण युद्ध लांबले, अन्न महागले, आणि कुजबुज सुरू झाली. ज्यू आघाडीवर जात नाहीत, मागे कचेऱ्यांत बसतात. युद्धमंत्रालयाकडे तक्रारअर्जांचा ढीग साचला. ११ ऑक्टोबर १९१६ रोजी युद्धमंत्री विल्ड फॉन होहेनबोर्न यांनी हुकूम काढला : १ नोव्हेंबरला प्रत्येक पलटणीने आपल्याकडचे ज्यू मोजावेत. आघाडीवर किती, पिछाडीला किती, मेले किती, पदके किती. (मोजणीचा दिवस येईपर्यंत मंत्रिमहाशयांची खुर्ची गेली होती, मोजणी मात्र झाली.) कारण दिले होते तेही ऐका. आरोप खरे की खोटे ते तपासायचे!

चिखलाच्या खंदकात दोन वर्षे काढलेल्या शिपायाला त्याचाच अधिकारी येऊन धर्म विचारतो आणि कागदावर रेघ मारतो. शेजारचा सोबती ते बघत असतो. एवढा प्रसंग डोळ्यांपुढे आणला की पुढचे काही वाचावेसे वाटत नाही.

निकाल सरकारने युद्धात जाहीरच केला नाही. १९१९ मध्ये एका ज्यूद्वेष्ट्याने टोपणनावाने पुस्तिका काढून सोयीचे आकडे छापले. त्याला उत्तर म्हणून याकोब सेगाल, फ्रान्झ ओपनहायमर अशा अभ्यासकांनी उलट आकडेमोड मांडली, मोजण्याची पद्धतच कशी चुकीची होती ते दाखवले. ज्यू माजी सैनिकांच्या संघटनेने १९३२ मध्ये दहा हजारांवर शहिदांच्या नावांचे पुस्तक छापून राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांना दिले. मूळ कागद पोट्सडामच्या लष्करी दप्तरखान्यात होते. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तो जळाला.

यादीचा उपयोग झालाच नाही असे नाही. १९३३ साली ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढले तेव्हा हिंडेनबुर्गच्या आग्रहाने आघाडीवर लढलेल्यांना वगळले होते. ती सवलत दोन वर्षे टिकली. १ एप्रिल १९३३ च्या बहिष्काराच्या दिवशी काही जण छातीवर पदके लावून आपल्या दुकानांच्या दारात उभे राहिले होते. पुढे अशा पदकवाल्यांना खास मेहेरबानी म्हणून थेरेसियनस्टाटच्या छावणीत धाडले, आणि तिथून अनेकांना ऑशविट्झला.

लेख वाचून झाल्यावर लेखकाविषयी शोधले. अँग्रेस १९२० साली बर्लिनमध्ये जन्मले, पोरवयात देश सोडावा लागला. १९४४ मध्ये अमेरिकन फौजेतून नॉर्मंडीवर पॅराशूटने उतरले, कैदही झाले. वडील ऑशविट्झमध्ये मारले गेले. असा माणूस या विषयावर लिहिताना एकदाही आवाज चढवत नाही. कुठल्या तारखेला कुणी कुणाला काय लिहिले, एवढेच सांगत जातो. २०१० मध्ये ते वारले, तेही बर्लिनलाच.

मला २००६ आठवले. सच्चर समितीने सैन्यातल्या मुसलमानांचा आकडा मागितला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. फौज धर्म मोजत नाही, असे लष्कराकडून सांगण्यात आले आणि समितीला तो विषय सोडावा लागला. त्या वेळी मी चिडलो होतो. आकडा लपवता कशाला, असे स्टाफरूममध्ये तावातावाने बोललो होतो. आजही मला वाटते, नोकऱ्या, शाळा, बँकेची कर्जे, सगळे मोजले पाहिजे, नाहीतर मागासलेपण दिसणार कसे? सच्चर समितीने विचारले ते, आम्हाला मिळाले किती. प्रशियाच्या मंत्र्याने विचारले ते, तुम्ही दिले किती. तेव्हा दोन्ही एक नव्हेत. पण फौजेच्या आकड्यावर आता माझा पूर्वीसारखा ठाम आग्रह उरलेला नाही. विचारणारा बदलला की तोच कागद कुठे जातो, हे वाचून बसलो आहे.

माझे आजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते. मराठा पलटणींत तेव्हा दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या असत. समोर तुर्कांची, म्हणजे खलिफाची फौज. त्या लढाईविषयी आजोबा घरात कधी बोलले नाहीत. त्यांचे पदक अम्मीने सुपारीच्या डब्यात ठेवले होते. ते कुणाला दाखवायची वस्तू आहे, असे तिला वाटले नसावे.

यंदा १५ ऑगस्टला मी नावे घेतली नाहीत. शाळेच्या नळाला उन्हाळ्यापासून पाणी नाही, त्यावर बोललो. नगरसेवक समोरच होते. खाली उतरलो तर हेडमास्तर जिलेबीची पुडी हातात देत म्हणाले, "सर, अब्दुल हमीद राहिले की हो या वेळी!"