भिंतीवरचे रोमन अंक

उपवासकाळातील शुक्रवारी नागपूरच्या सदर भागातील संत फ्रान्सिस द सेल्स कॅथेड्रलमध्ये काय, अथवा विदर्भातल्या एखाद्या लहानशा खेड्यातील प्रार्थनामंदिरात काय, भाविक क्रुसाच्या वाटेची भक्ती करीत एका चित्रापासून दुसऱ्या चित्राकडे वळत असतात. या चित्रांच्या माथ्यावर वा पायथ्याशी बहुधा रोमन अंक असतात. शाळेच्या पाचवीच्या गणितात रोमन संख्याचिन्हे भेटतात खरी, परंतु ख्रिस्ती घरातील मुलाला ती त्याआधीच या चौदा स्थानांवर भेटलेली असतात. लॅटिन मिस्सा आपल्या पिढीच्या कानावरून गेली. तिच्या लिपीतले हे अंक तेवढे भिंतीवर राहिले. ते नीट वाचता यावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिली तीन स्थाने सोपी. एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. चौथ्या स्थानी, जिथे येशू आपल्या दुःखी मातेला भेटतो, तिथे पाचाच्या व्ही या चिन्हाच्या डावीकडे एक रेघ उभी असते. लहान चिन्ह मोठ्याच्या आधी आले की वजा करायचे आणि नंतर आले की मिळवायचे, हा या पद्धतीचा प्राण. सहाव्या स्थानी तीच रेघ उजवीकडे जाते आणि व्हेरोनिका रुमाल घेऊन पुढे येते. नवव्या व अकराव्या स्थानांचेही तसेच. दहाच्या फुलीआधी रेघ असेल तर प्रभू तिसऱ्यांदा पडतो, नंतर असेल तर त्याला क्रुसावर खिळतात.

खरी कसोटी चौदाव्या स्थानी. एक्स, आय, व्ही. दहा, एक आणि पाच अशी बेरीज करणारा सोळावर जाऊन पोचतो. इथे आधी दहा वेगळे काढावेत, उरलेल्या जोडीला चार म्हणावे. सोळा लिहिताना व्ही आधी येतो, आय मागून. ही अदलाबदल क्षुल्लक नव्हे. २००५ ते २०१३ या काळात पोपपदी असलेले बेनेडिक्ट सोळावे यांच्या नावातील ही दोन अक्षरे उलटली, तर १७४० ते १७५८ या काळातील बेनेडिक्ट चौदावे समोर उभे राहतात! २०२५ च्या मे महिन्यात लिओ चौदावे निवडून आले, तेव्हापासून हा अंक पुन्हा आपल्या सूचनाफलकांवर आला आहे. तो वाचताना अक्षरांची नावे घेऊ नयेत आणि 'लिओ चौदा' असेही म्हणू नये. मराठीत आदरार्थी 'चौदावे' हेच शोभते. मिस्साच्या मुख्य प्रार्थनेत मात्र पोप महोदयांचे केवळ नाव घेतले जाते, अंक उच्चारला जात नाही.

अंक अचूक वाचला म्हणून मोजदाद अचूक असतेच असे नाही. जॉन विसावे या नावाचे पोप कधी झालेच नाहीत. मध्ययुगीन गणतीच्या गोंधळात तो आकडा वगळला गेला. तरीही १९५८ साली निवडून आलेले थोर पोप जॉन तेविसावेच ठरले.

यांच्याआधीचे लिओ, म्हणजे तेरावे, आपल्या विशेष जवळचे. त्यांच्याच कारकिर्दीत १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. हे वर्ष रोमन पद्धतीने लिहून पाहावे: एम, डी, तीन वेळा सी, एल, तीन वेळा एक्स, व्ही आणि दोन वेळा आय. बारा अक्षरांत एक हजार, पाचशे, शंभर, पन्नास, दहा, पाच, एक ही सातही चिन्हे उतरत्या क्रमाने येतात. वजाबाकी कुठेही नाही. मुलांना शिकवायला याहून चांगला आकडा मला तरी सापडलेला नाही. त्यानंतर १९९९ द्यावा. उतावळा विद्यार्थी हजाराआधी एक लिहून मोकळा होतो. पण आय हा फक्त व्ही व एक्स यांच्याआधी, एक्स हा एल व सी यांच्याआधी आणि सी हा डी व एम यांच्याआधीच वजा होतो. म्हणून एम, मग सीएम, एक्ससी, आयएक्स: हजार, नऊशे, नव्वद, नऊ. व्ही, एल, डी यांची पुनरुक्तीही होत नाही आणि वजाबाकीही नाही.

हे नियम स्वतः रोमन लोक मात्र इतक्या कसोशीने पाळीत नसत. रोमच्या ज्या कलोसियममध्ये पवित्र शुक्रवारी रात्री क्रुसाच्या वाटेची भक्ती होते, त्याच्या चव्वेचाळिसाव्या दारावर चाळीस वजाबाकीने लिहिले आहेत, पण चार उभ्या चार रेघांनी! जुन्या घड्याळांच्या तबकडीवरही चारच्या जागी अशाच चार रेघा दिसतात.

झिरो माईलचा स्तंभ मिरवणाऱ्या नागपूरकरांना एक उणीव लगेच जाणवेल. या पद्धतीत शून्यासाठी चिन्हच नाही. ५२५ साली रोममधील डायोनिसियस नावाच्या मठवासीयाने ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याचा प्रघात घातला, त्यात शून्य वर्ष आले नाही. इसवी सनपूर्व १ नंतर थेट इसवी सन १. म्हणूनच दोन हजार वर्षे २००० च्या अखेरीस पूर्ण झाली आणि तिसरे सहस्रक १ जानेवारी २००१ रोजी सुरू झाले. महाज्युबिलीचे पवित्र द्वार त्यानंतर पाच दिवसांनी, तीन राजांच्या सणाला बंद करण्यात आले.