हॉलसँड्सची पुळण आणि रायगेटच्या काचा

हॉलसँड्सच्या जुन्या छायाचित्रांत गाव अगदी लहान दिसते. मागे उभा कडा, कड्याला पाठ लावून दाटीवाटीने बसलेली दगडी घरे, घरांमधून जाणारी अरुंद वाट आणि पुढे गोट्यांची रुंद पुळण. पुळणीवर ओढून ठेवलेल्या होड्या आणि खेकडे धरण्याचे विणलेले पिंजरे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात, स्टार्ट बे या उपसागराच्या काठी हे मच्छीमारांचे गाव होते. १८९१ च्या जनगणनेत तिथे ३७ घरे आणि १५९ माणसे नोंदली गेली. ब्रिटनमधील गावांची जुनी छायाचित्रे पाहताना नाहीशी झालेली गावे अनेक भेटतात. हॉलसँड्स मात्र एकदा पाहिले की मनातून हलत नाही. पाहणाऱ्याची नजर घरांवर जाते, माणसांवर जाते, होड्यांवर जाते. पुढचे गोटे कोणी पाहत नाही. गाव तगून होते ते त्या गोट्यांच्या जोरावर.

अशी छायाचित्रे आज लाखांनी उपलब्ध आहेत. त्यांतला फार मोठा वाटा एका माणसाच्या व्यापारी बुद्धीचा आहे. फ्रान्सिस फ्रिथचा जन्म १८२२ मध्ये डर्बीशायरमधील चेस्टरफील्डला, क्वेकर पंथाच्या कुटुंबात झाला. लिव्हरपूलला किराणा मालाच्या घाऊक धंद्यात त्याने पैसा मिळवला आणि पस्तिशीच्या आतबाहेर तो धंदा विकून टाकला. १८५३ मध्ये स्थापन झालेल्या लिव्हरपूलच्या छायाचित्रण मंडळाच्या संस्थापकांत तो होता. १८५६ पासूनच्या काही वर्षांत त्याने इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या तीन सफरी केल्या आणि त्या छायाचित्रांनी त्याचे नाव झाले. १८६० च्या सुमारास लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यातील रायगेट या गावी त्याने कंपनी थाटली आणि ब्रिटनमधील प्रत्येक शहराचे व गावाचे छायाचित्र काढून विकण्याचा बेत आखला. एका माणसाच्या आयुष्यात हे काम पुरे होणे शक्य नव्हते. १८९८ मध्ये फ्रान्समधील कान येथे तो वारला, तेव्हा काम चालूच होते. पुढे मुलांनी ते चालवले आणि कंपनी १९७० च्या सुमारापर्यंत टिकली.

सुरुवातीचे तंत्र कष्टाचे होते. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची आणि थर वाळायच्या आत रसायनात धुऊन काढायची. या साऱ्याला हाताशी वेळ मिनिटांतला. म्हणजे अंधाऱ्या खोलीचा तंबू, बाटल्या, पाणी आणि काचांची ओझी घेऊनच गावोगाव हिंडावे लागे. काचेवर प्रकाश काही सेकंद पडू द्यावा लागे, त्यामुळे जो हलला तो पुसट झाला किंवा अजिबात उमटला नाही. भर बाजाराच्या रस्त्यावर या काळातल्या फोटोंत शुकशुकाट दिसतो तो त्यामुळे. घोडागाड्या गेल्या, फेरीवाले गेले. उरले ते दाराशी टेकून उभे राहिलेले दुकानदार आणि कॅमेऱ्याकडे डोळे लावून थिजलेली पोरे. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केली. त्या दशकाच्या अखेरीस तशा काचा बाजारात आल्या, तंबू सुटला आणि रस्त्यावरची वर्दळही चित्रात येऊ लागली.

गिऱ्हाईक तयार केले रेल्वेने. १८७१ च्या कायद्याने बँक हॉलिडे मिळाले, गिरणीतले आणि कचेऱ्यांतले लोक समुद्रकिनारी जाऊ लागले आणि परतताना पाहिलेल्या जागेचे चित्र सोबत नेऊ लागले. १८९४ मध्ये ब्रिटिश टपालखात्याने खासगी छपाईच्या चित्र-पोस्टकार्डांना अर्ध्या पेनीच्या तिकिटावर जाण्याची परवानगी दिली. १९०२ पासून कार्डाच्या मागच्या बाजूचे दोन भाग करून पत्ता आणि मजकूर शेजारी शेजारी लिहिता येऊ लागला, आणि पुढची सबंध बाजू चित्राला मोकळी झाली. मग फ्रिथ, डंडीचे व्हॅलेंटाइन, हेस्टिंग्जचे जजेस अशा कंपन्यांची कार्डे गावोगावच्या कागदविक्याकडे, औषधांच्या दुकानात, टपालकचेरीत टांगली गेली. उद्या चार वाजता येतो, आईला बरे आहे, हवा छान आहे, एवढे लिहायला ती पुरत.

या व्यापाराचा एक परिणाम फारसा सांगितला जात नाही. जुने दिसणारे कार्ड खपत नाही. बायकांच्या टोप्या बदलल्या, घोड्याच्या जागी मोटार आली, चौकात युद्धस्मारक उभे राहिले की आदल्या वर्षांची कार्डे शिळी होत. म्हणून कंपनीचे लोक त्याच गावी पुन्हा जात, त्याच पुलावर, त्याच कोपऱ्यावर कॅमेरा लावत. आज एकाच रस्त्याची १८९० ची, १९०६ ची, १९२५ ची, १९५५ ची छायाचित्रे ओळीने मांडता येतात ती शिळा माल बदलत राहिल्यामुळे. इतिहास जपावा असा कोणाचा हेतू नव्हता.

तो हेतू बाळगणारेही त्याच काळात होते. ग्लासगोच्या सुधार मंडळाने पाडायला काढलेल्या कोंदट गल्ल्यांची छायाचित्रे थॉमस ॲननने १८६८ ते १८७१ या काळात घेतली. वॉरिक लेनमधली ‘ऑक्सफर्ड आर्म्स’ ही जुनी सराई पाडणार असे कळल्यावर १८७५ मध्ये लंडनमधील जुन्या अवशेषांचे चित्रण करणारी मंडळी एकत्र आली आणि पुढच्या अकरा वर्षांत त्यांनी १२० छायाचित्रे प्रसिद्ध केली. बर्मिंगहॅमचे खासदार सर बेंजामिन स्टोन यांनी १८९७ मध्ये राष्ट्रीय छायाचित्र-नोंद संघ स्थापला. गावजत्रा, चालीरीती, चर्च, जुने वाडे हे त्याचे विषय. बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात स्टोन यांची सुमारे २२ हजार छायाचित्रे आहेत. या लोकांची तळमळ खरी होती आणि ॲननच्या गल्ल्यांतला ओला, काळवंडलेला उजेड विसरता येत नाही. तरीही त्यांतल्या बहुतेकांनी जपले ते आधीच जुने ठरलेले. हातपंप, साबणाच्या जाहिरातीची पाटी, खाटकाच्या दारावर टांगलेली मेंढरे यांना त्यांच्या यादीत जागा नव्हती. त्या गोष्टी सापडतात कार्डवाल्यांच्या चित्रांत, कारण कॅमेऱ्यासमोर जे होते ते सगळेच काचेवर उतरत गेले.

स्टोन यांनी संघ काढला त्याच १८९७ मध्ये हॉलसँड्सपुढच्या समुद्रात गाळ उपसणारी यंत्रे येऊन उभी राहिली. प्लिमथजवळच्या डेव्हनपोर्टच्या नाविक गोदीचा विस्तार चालू होता आणि तिथल्या काँक्रीटसाठी गोटे हवे होते. सरकारने ठेकेदाराला भरतीच्या रेषेखालचे गोटे उपसायचा परवाना दिला. गावकऱ्यांनी तक्रार केली, चौकशी झाली, घरांना धोका नाही असा निर्वाळा मिळाला आणि मच्छीमारांना वर्षाला १२५ पौंड ठरले. उपसलेली जागा समुद्र पुन्हा भरून काढील असे धरून चालले होते. ती भरणे शक्य नव्हते. स्टार्ट बेमधले ते गोटे हिमयुगानंतर समुद्र चढत गेला त्या काळात साचलेले, आणि त्यात नवी भर पडत नव्हती. सुमारे साडेसहा लाख टन गोटे गेले आणि पुळण कित्येक फूट खाली बसली. जानेवारी १९०२ मध्ये परवाना रद्द झाला, नंतर संरक्षक भिंती बांधल्या गेल्या. आर. हॅन्सफर्ड वर्थ या प्लिमथच्या अभियंत्याने किनाऱ्याची मापे घेऊन गावाची बाजू लेखांतून मांडली. २६ जानेवारी १९१७ च्या रात्री पूर्वेचे वादळ आणि मोठी भरती एकत्र आली. माणूस एकही दगावला नाही. पुढच्या दोन दिवसांत राहण्याजोगे घर मात्र एकच उरले. नुकसानभरपाईसाठी लोकांना पुढे कित्येक वर्षे झगडावे लागले.

ही हकिगत कळल्यावर उपशापूर्वीचे चित्र पुन्हा पाहिले की नजर आपोआप खाली उतरते. होड्या किती वर ओढल्या आहेत, पुळण भिंतीच्या कुठल्या दगडापर्यंत येते, हे मोजावेसे वाटते. चित्र काढणाऱ्याने गोटे घेतले ते चौकटीचा खालचा भाग भरून निघावा म्हणून. वाद सगळा त्या गोट्यांवर झाला आणि त्यांची मूळ पातळी दाखवणारा पुरावाही त्या चौकटीतच राहिला. सफक परगण्यातील डनिचच्या ऑल सेंट्स चर्चचेही असेच आहे. १९०४ मध्ये कड्याची कड चर्चला लागली आणि १९१९ मध्ये मनोऱ्याचा शेवटचा भाग समुद्रात गेला. मधल्या पंधरा वर्षांची कार्डे एकापुढे एक ठेवली की किनारा किती झपाट्याने मागे सरला ते डोळ्यांना दिसते.

या कार्डांविषयी एक तक्रार मात्र करावीच लागते. फ्रिथच्या चित्राखाली गावाचे नाव असते, जागा असते, क्रमांक असतो. माणसाचे नाव नसते. पाणी भरणारी बाई, शिडीवरचा रंगारी, दारातली आजी, सगळे बिननावाचे. कॅमेरा उचलून पायपीट करणारे कंपनीचे नोकरही बहुतांशी बिननावाचेच राहिले. वर्षानुवर्षे घेतलेली त्यांची चित्रे मालकाच्या नावाने ओळखली जातात. त्यांच्याबद्दल जीव तुटतो. एका दिवसात एक गाव उरकायचे, ऊन असेल तेव्हाच, आणि संध्याकाळची गाडी गाठायची, असा त्यांचा जन्म गेला. फ्रँक मेडो सटक्लिफनेही तरुणपणी फ्रिथसाठी यॉर्कशायरमध्ये छायाचित्रे काढली; पण तो पुढे व्हिटबी या बंदरात स्थिरावला आणि १९४१ मध्ये मरेपर्यंत त्याच परिसरात राहिला. पोट भरायला तो पाहुण्यांचे फोटो काढी आणि मोकळ्या वेळात धक्क्यावरच्या मच्छीमारांचे. १८८६ च्या ‘वॉटर रॅट्स’ या चित्रातली होडीभोवती उघडी खेळणारी पोरे त्याला परकी नव्हती, हे चित्रातच कळते. एका गावी आयुष्य घालवल्याने जे साधते ते गाडीच्या वेळापत्रकाला बांधलेल्या माणसाला साधत नाही.

उरलेली नावे सांगणारे असतात ते गावचे म्हातारे. जॉर्ज इवर्ट इव्हान्स १९४८ मध्ये सफकमधील ब्लॅक्सहॉल येथे राहायला आले. पत्नी गावच्या शाळेत शिकवी आणि ते शेजाऱ्यांच्या गोष्टी ऐकत बसत: मेंढ्या कशा कातरायच्या, भाकरी घरी कशी भाजायची, कापणीचा ठेका कसा ठरे. १९५६ मध्ये निघालेले त्यांचे पुस्तक ब्रिटनमधील मौखिक इतिहासाचा पाया मानले जाते. हॉलसँड्सला हे काम एलिझाबेथ प्रेटेजॉन या बाईंनी केले. त्या उरलेल्या एकुलत्या एक घरात राहत, आणि पाहायला आलेल्यांना कुठे कोणाचे घर होते ते सांगत. १९६४ मध्ये त्या गेल्या. फोटोतल्या भिंतीला धूर कुठून येई, कुठल्या उंबऱ्यावर कोण जाळे विणत बसे, हे कॅमेऱ्याला सांगता येत नाही. उलट, माणसाच्या आठवणीत पुळण दरवर्षी थोडी रुंद होत जाते, तिथे फोटो खरे माप दाखवतो. दोन्ही एकत्र बसले तरच काही हाती लागते. म्हणूनच ब्रिटनमधल्या गावसभागृहांत जुन्या फोटोंचे प्रदर्शन भरले की सर्वांत मोठी गर्दी चित्रांपेक्षा चित्रापुढे बोलणाऱ्या आजीभोवती होते.

फ्रिथ कंपनीचा व्यवहार १९७१ मध्ये संपला. बिल जे या छायाचित्र-अभ्यासकाच्या धडपडीमुळे रॉथमन्स या सिगारेट कंपनीने तो साठा विकत घेतला, म्हणून तो फुटला नाही. तिच्याकडून तो १९७७ मध्ये जॉन बक यांनी घेतला. सुमारे सात हजार गावांची तीन लाखांहून अधिक छायाचित्रे त्यात आहेत. जाणकारांना त्यांतली गेल्या शतकाच्या पन्नाशी-साठीतली कार्डे कित्येक वर्षे रुक्ष वाटत: बसस्थानक, कॅरव्हॅनचा तळ, नव्या वसाहतीतली एकसारखी घरे, रंगीत छत्र्यांचे कॅफे. पण त्या रस्त्यांवर वाढलेली माणसे अजून हयात आहेत, आणि बाबागाडीतले मूल ते स्वतःच, असे सांगणारे अजून भेटतात. त्या कार्डांनंतर गावोगावचा साधा बाजाररस्ता ठराविक वर्षांनी चित्रात धरण्यासाठी पगार देणारा हा मालक उरला नाही. त्यापुढची दोन-तीन दशके शोधायची तर घराघरांतले अल्बम उघडावे लागतात. तिथे कोपऱ्यावरचे दुकान असते, ते वाढदिवसाच्या मुलामागे किंवा नव्या मोटारीच्या टपावरून डोकावणारे, पाटीची निम्मी अक्षरे कापली गेलेले.