काठीएवढं अंतर

नागपूरजवळच्या खापरखेड्यात कोणाच्या दाराआड काय उभं आहे हे कोणी कोणाला विचारत नाही. पण घरातला माणूस कामाला कुठं जातो हे ठाऊक असलं की अंदाज सहसा चुकत नाही. सिल्लेवाड्याच्या नाहीतर वलनीच्या खदानीत ज्याची हयात गेली, त्याच्या घरी सब्बल असते; खाणीच्या छताला सुटून लोंबणारा कोळसा खाली पाडायला वापरतात तसली, लांब आणि जड. थर्मल वीज केंद्रातल्या फिटरच्या खाटेखाली पाइप-पाना असतो. गावाच्या कडेला, जिथं कापूस आणि संत्र्याची झाडं अजून टिकून आहेत, तिथं बंडीची उभारी असते किंवा बैल हाकायची तुतारी असते. बैलजोडी विकून वर्षं लोटली तरी तुतारी विकलेली नसते. दिवसभर ज्याचं वजन हाताला ओळखीचं, तेच माणूस रात्री हाताशी ठेवतो. अंधारात, झोपेतून दचकून उठल्यावर, अनोळखी वस्तू हातात धरायची हिंमत होत नाही.

आमच्या दाराआड काठी आहे. माझ्या वडिलांनी सावनेरच्या बाजारात बुरडाकडून पारखून घेतलेली. बाबा शेतकऱ्याचे पोर, नोकरी पावर हाउसात केली, पण बांबूची पारख शेतातलीच राहिली. काटस बांबू जाड दिसतो, आतून मात्र पोकळ. तो मांडवाला नि शिडीला ठीक. काठीला हवा मानवेल. त्याची भिंत जाड, बुडाशी तर जवळजवळ भरीव. पेरं जवळजवळ असावीत, बोटांनी चाचपत गेलं की गाठी लागोपाठ लागाव्यात. भर पावसाळ्यात तोडलेला बांबू घेऊ नये, त्याला कीड लवकर धरते. घरी आणल्यावर बाबांनी ती विस्तवावर फिरवत फिरवत सरळ केली, गाठी घासून गुळगुळीत केल्या आणि जवसाचं तेल पाजलं. दर उन्हाळ्यात एक हात तेलाचा. ती आता मधासारख्या रंगाची झाली आहे, आणि मूठ बसते तिथं थोडी काळसर. माझ्या लग्नात भांड्यांबरोबर ती काठीही या घरी आली. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "काहून वो, आमच्याकडे काठ्या नाही का?" पुढे त्याच तिला तेल लावायला लागल्या.

मी या साऱ्याचा विचार करायला लागले ते गेल्या दिवाळीनंतर. आमच्या क्वार्टरांच्या ओळीतलं एक क्वार्टर बंद होतं, माणसं गावाला गेलेली. परतली तेव्हा दार उघडं, कपाट उपसलेलं. त्या आठवड्यात आमच्या ओळीत दुसरा विषयच नव्हता. कोणी लोखंडी रॉड कापून आणला, कोणी मुलाची बॅट उशाशी घेतली, कोणी तिखटाचा फवारा ऑनलाइन मागवला. आणि नात्यातले एक भाऊजी जेवता जेवता म्हणाले, "वहिनी, दादाची तिसरी पाळी असते. तुम्ही दोघी बाया घरी. बंदुकीच्या लायसनचा अर्ज टाका."

त्यांची काळजी खरी होती. तिसऱ्या पाळीच्या रात्री लांब असतात. खिडकीतून थर्मलच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसतात; २१० मेगावॉटचे चार आणि ५०० चा एक, असे संच तिथं महाराष्ट्रासाठी जागत असतात आणि त्यातल्या एकापाशी आपला माणूस. घरात दोन बायका आणि एक झोपलेली मुलगी. तेव्हा बंदुकीचं नुसतं हसून सोडून द्यावं असं मला वाटलं नाही. मी तिचा नीट विचार केला आणि नको म्हटलं. नको म्हटलं ते भ्याले म्हणून नाही. मुलगी घरात आहे, म्हणजे बंदूक कुलुपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलुपात. दोन कुलपं उघडेपर्यंत आलेला माणूस माझ्यापर्यंत पोचलेला असणार. उघडी ठेवावी तर आलेल्या माणसाच्या आधी ती माझ्याच लेकीच्या हाती लागायची. शिवाय या ओळीत भिंतीला भिंत लागून आहे. सुटलेली गोळी खिडकीतून पलीकडे कुठं जाईल हे अंधारात कोण सांगणार?

मग सुरी. बाईला संरक्षणाचं काही सुचवायचं झालं की सगळ्यांच्या तोंडी पहिली सुरीच येते, कारण ती स्वयंपाकघरात असते आणि स्वयंपाकघर बाईचं, असं धरून चाललेलं असतं. पण सुरी चालते ती हाताच्या लांबीवर. ती वापरायची तर मला त्या माणसाच्या श्वासाइतकं जवळ जावं लागेल, आणि तितक्या जवळ गेल्यावर ज्याच्या मनगटात जोर जास्त त्याचीच ती होते. सुरीला आणखी एक खोड आहे. तिला थोडंसं काही करता येत नाही. कुऱ्हाडीलाही नाही. उगारली आणि लागली, की जे व्हायचं ते होऊन जातं. सब्बल तर सासूबाईंच्या सांधे धरलेल्या हातांना उचलतच नाही, आणि मला उचलता आली तरी एकदा खाली गेल्यावर पुन्हा वर यायला वेळ लागतो.

काठीला पायऱ्या आहेत. नुसती जमिनीवर आपटली तर आवाज आहे. समोर आडवी धरली तर ती मला आणि त्याला वेगळं ठेवते. टोकानं छातीला रेटली तर तो मागं सरतो. मारायची वेळ आलीच तर पायावर मारता येते, हातावर मारता येते, आणि डोक्यावर न मारण्याचं शहाणपण त्या घटकेलाही मला उरू शकतं. हत्यार निवडताना मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं: ते माझ्या आणि समोरच्याच्या मध्ये किती अंतर ठेवतं, आणि मला किती ठिकाणी थांबू देतं.

मात्र लांबी घर पाहून ठरवावी. बाबांची मूळ काठी पुरुषभर उंच होती. शेतात, वाटेवर, सापासाठी ती उत्तम. क्वार्टरच्या दहा बाय दहाच्या खोलीत ती उगारली तर वर पंखा, बाजूला कपाट, मागं कपडे वाळवायची दोरी. अरुंद जागेत काठी फिरवायची नसते, भोसकल्यासारखी पुढं सारायची असते. म्हणून आम्ही ती छातीइतकी कापली. कापताना सासूबाई हळहळल्या. मलाही करवत चालवताना बरं वाटलं नाही. वरचा तुकडा टाकला नाही, तो अंगणात वेलाला लावला आहे.

कायद्याचंही काठीशी जमतं. १८७८ च्या कायद्यानं इंग्रजांनी इथल्या सामान्य माणसाची शस्त्रं परवान्याखाली आणली. स्वतंत्र भारतानं १९५९ मध्ये स्वतःचा शस्त्र कायदा केला, तेव्हा शस्त्र कशाला म्हणावं हे सांगताना घरच्या आणि शेतीच्या वापराच्या वस्तू वगळल्या, आणि उदाहरण म्हणून लाठीचं आणि चालायच्या साध्या काठीचं नाव घेतलं. २०१६ च्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत मोडतात; घरकामाची, शेतीची, कारखान्याची अवजारं सोडून. म्हणजे कोणी तलवार घेऊन भिंतीवर टांगत असेल तर त्यानं आधी हे वाचावं.

स्वसंरक्षणाचा हक्क १८६० च्या दंड संहितेत होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ३४ ते ४४ या कलमांत तो तसाच आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध तो हक्क फार लांबपर्यंत जातो, प्रसंगी जीव घेण्यापर्यंत. पण त्याला एक वेसण आहे: बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करायची नाही. २०१० मध्ये दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली, आणि जिवावर बेतलेल्या माणसानं प्रत्येक वार तागडीत तोलून करावा अशी अपेक्षा धरता येणार नाही, हेही मान्य केलं. मला यात मोठी माणुसकी दिसते. तरीही न्यायालयानं समजून घ्यावं इतक्यावर मला थांबता येत नाही. पळून जाणाऱ्या, सतरा-अठरा वर्षांच्या, उपाशी पोराच्या पाठीवर कुऱ्हाड बसली, तर कायदा काय म्हणेल ही पुढची गोष्ट; त्यानंतर त्या घरात राहायचं मला आहे.

हे लिहिताना मला नागपूरचं कस्तुरबा नगर आठवतं. इथून नागपूर फार लांब नाही, आणि त्या दिवसांत आमच्या खापरखेड्यातही बायका नळावर, पिठाच्या गिरणीत त्याबद्दलच बोलत होत्या. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, खोलीतच, अक्कू यादव या गुंडाला बायकांच्या जमावानं मारलं. वर्षानुवर्षं त्यानं ती वस्ती नासवली होती; घरात शिरून बायकांवर अत्याचार केले होते. तक्रार करून काही होत नाही, हे त्या बायका उघड सांगत होत्या. त्यांच्या हाती काय होतं? भाजीच्या सुऱ्या आणि लाल तिखट. खटला दहा वर्षं चालला आणि २०१४ मध्ये आरोपी सुटले. दाराआड काय ठेवावं याचा माझा सगळा हिशोब त्या बायकांपुढं तोकडा पडतो. एका रात्रीच्या चोराला अंतरावर ठेवता येतं. जो रोज येतो, ज्याला सगळे ओळखतात आणि अडवायला कोणी येत नाही, त्याच्यापुढं अंतर ठेवायला जागाच उरलेली नसते. मी त्यांना बरोबर-चूक सांगू शकत नाही, सांगणारही नाही. त्यांच्या हाती सुरी येईपर्यंत ज्यांनी ज्यांनी यायला हवं होतं आणि जे आले नाहीत, त्यांच्याबद्दलचा राग मात्र माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

घर राखायचं काम एकट्या घरावर सोडायचं नसतं, हे जुन्या गावांना कळत होतं. पण त्यांनी ते ज्या रीतीनं केलं ती रीत चांगली नव्हती. मध्य प्रांतातल्या गावांत पहारा देणारा कोतवाल अनेकदा महार असे. रात्री काठी घेऊन जागणारा तो, चोराचा माग काढणारा तो, आणि त्याचं स्वतःचं घर मात्र गावाच्या कडेला, वस्तीबाहेर. ज्यांची दारं त्यानं राखली त्यांच्या दारात त्याला उभं राहता येत नव्हतं. आमच्या ओळीत रात्री शिट्टी वाजवत, विजेच्या खांबावर काठी ठोकत जाणारा गोरखा आला की मला हे हटकून आठवतं. महिन्याचे पैसे देताना कुरकुरणारी घरं असतात. थंडीच्या दिवसांत त्याला चहा विचारणारी थोडीच.

काठी हातात घ्यायची वेळ येण्याआधी दार आहे. चोरी झालेल्या त्या क्वार्टरचं कुलूप शाबूत होतं, लोंबत होतं. तुटला होता कोयंडा. इथल्या पावसानं फुगून आणि उन्हानं आकसून मऊ झालेल्या चौकटीतून त्याचे स्क्रू उपटून निघाले होते. आपण कुलपावर पैसे घालतो आणि ते ज्यात रुतलंय त्या लाकडाकडं बघत नाही. जुन्या वाड्यांच्या दाराला आतून अडणा असे, दोन्हीकडच्या भिंतींत जाणारं आडवं लाकूड. दाराला दिलेला धक्का त्यामुळं चार स्क्रूंवर न पडता दोन भिंतींवर पडे. आम्ही सुतार बोलावून तशीच साधी सोय केली: दोन लोखंडी खोबण्या भिंतीत घट्ट बसवल्या आणि त्यांत सागाची पट्टी. रात्री ती सरकवायचं काम लेकीनं आपणहून घेतलं आहे. सोबत अंगणातला एक दिवा, ज्याचं बटण खाटेजवळ. आलेल्याला आपण दिसतोय हे कळलं की बहुतेक वेळा तो पुढं येत नाही. आणि ११२ नंबर, जो सासूबाईंनी फोनवर स्वतः लावायला शिकून घेतला.

शेवटचं काम शेजाऱ्यांशी बोलण्याचं होतं आणि ते मला काठी कापण्याहून अवघड गेलं. आपण घाबरतो हे कबूल करून बोलायचं होतं. आमची आणि त्यांची भिंत एकच, पातळ. पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या इकडं मोजता येतात. त्या घरी नवरा-बायको छिंदवाड्याकडचे, त्यालाही पाळ्या. एका संध्याकाळी मी गेले आणि सांगितलं, रात्री काही झालं तर भिंतीवर तीन थापा मारीन, तुम्ही दिवा लावा, ओरडा, फोन करा, दार मात्र उघडू नका. तुमच्याकडं झालं तर आम्हीही तेच करू. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि एकच दुरुस्ती सुचवली. थापा नकोत, म्हणाल्या. थापा तर तुमची आणि आमची पोरं दिवसभर मारतात, आम्ही उठणार नाही. परात वाजवा. तेव्हापासून दोन्ही घरांत पितळेची एक एक परात भिंतीच्या खिळ्याला टांगलेली आहे.